नेट लागत नाही : बिघाड शोधावा कसा?



मागच्या महिन्यातील गटसभांत ऊस नोंदीचा विषय निघाला, की एक तक्रार हमखास ऐकू येत होती. "गट कार्यालयात नोंद द्यायला गेलो, तर म्हणाले नेट बंद आहे, उद्या या. उद्या गेलो, तर पुन्हा तेच." तक्रार रास्त आहे. वाडीवरच्या सभासदाचा एक हेलपाटा म्हणजे एक दिवस बुडाला. त्या दिवसात त्याचे एक पाणी पाजून झाले असते.

परंतु नेट बंद म्हणजे नेमके काय बंद, हे कोणी विचारत नाही. आमचे कर्मचारीही विचारत नाहीत, हा दोष आम्ही आधी आमच्या पदरात घेतो. विहिरीवरची मोटर पाणी उचलत नसेल, तर आपण "मोटर बंद" म्हणून घरी जाऊन झोपत नाही. आधी वीज आहे का बघतो. मग फ्यूज, मग स्टार्टर, मग फूटव्हॉल्व्ह. मोटर फिरते पण पाणी येत नाही, तर दोष एकीकडे. मोटर फिरतच नाही, तर दोष दुसरीकडे. नेटचेही अगदी तसेच आहे. ही गोष्ट आम्ही फार जुन्या यंत्रावर, आणि फार मोठी किंमत देऊन शिकलो. ती हकीकत आज सांगतो.

डायल-अपचे दिवस

आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमकडून. साखर कारखानदारीत त्याचा गाजावाजा झाला तो वारणेच्या प्रकल्पामुळे. १९९८ साली कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सत्तर गावांसाठी 'वायर्ड व्हिलेज' योजना तेथे हाती घेण्यात आली. ऊस नोंद, तोडणीची परवानगी, वजन, बिल ही माहिती गावातच मिळावी, असा तो विचार होता. पुढे २००६-०७ च्या सुमारास तेथेच काही गावांत संगणकाऐवजी मोबाईलच्या एसएमएसवर तीच माहिती देण्याचा प्रयोग झाला.

आमच्या गट कार्यालयात संगणक आला तो २००२ साली. आम्ही तेव्हा कृषी पदविका घेऊन नुकतेच लागलेले. संगणकाला पेटीएवढा मोडेम, मोडेमला टेलिफोनची तार. संध्याकाळी दिवसभराच्या नोंदी मुख्य कार्यालयाला पाठवायच्या, एवढेच काम. पहिले पंधरा दिवस सुरळीत गेले. मग रडगाणे सुरू झाले.

मोडेम करतो काय?

टेलिफोनची तार माणसाच्या बोलण्यासाठी टाकलेली असते. साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झ, म्हणजे आपला आवाज कळेल एवढीच रुंदी तिला दिलेली असते. संगणकाला तर फक्त शून्य आणि एक एवढेच कळते. मग मोडेम काय करतो, तर या शून्य-एकचे आवाज करून तारेत सोडतो. पलीकडचा मोडेम ते आवाज ऐकून पुन्हा शून्य-एक करतो. लाईन जोडताना जी शिट्टी आणि खरखर ऐकू यायची, ती या दोन मोडेमची बोलणी असायची. लाईन कशी आहे, किती वेगाने बोलायचे, हे ते आपसात ठरवीत.

त्या काळच्या चांगल्या मोडेमवर सेकंदाला ५६ हजार बिट असे छापलेले असे. तो आकडा येणाऱ्या माहितीचा, आणि तोही कागदावरचा. जाणाऱ्या माहितीचा कमाल वेग ३३ हजार ६०० चाच. तरी आपल्या कामाला तो भरपूर होता. शंभर केबीची यादी हिशेबाने अर्ध्या मिनिटात निघावी.

आता मुद्दा लक्षात घ्या. लाईनवर खरखर असली, तरी आपण दोघे "हॅलो, हॅलो, मोठ्यानं बोला" करत काम भागवतो. अर्धा शब्द ऐकून पुरा समजतो. मोडेमला ते साधत नाही. खरखर वाढली की तो वेग कमी करतो. आणखी वाढली की पुन्हा बोलणी करतो. शेवटी जमेनासे झाले, की फोन ठेवून देतो. म्हणून "आमचा फोन तर चांगला चालतो, मग नेटच का लागत नाही?" या प्रश्नात काही अर्थ नसतो. बोलण्यापुरती चांगली लाईन मोडेमला पुरेशी असतेच असे नाही.

पाटाचे पाच टप्पे

पाण्याचा पाट जसा धरणापासून शेवटच्या चारीपर्यंत येतो, तसे या जोडणीचे पाच टप्पे असतात. पहिला संगणक. दुसरा मोडेम. तिसरा आपल्या इमारतीतील तार, जोड आणि भिंतीवरची रोझेट. चौथा बाहेरची लाईन, खांबावरची डीपी व एक्स्चेंज. (डीपी म्हटले की आपल्याला ट्रान्सफॉर्मर आठवतो. ही टेलिफोनची डीपी वेगळी. खांबावरची छोटी पेटी.) पाचवा टप्पा सेवा देणाऱ्याकडील मोडेम आणि सर्व्हर. टेलला पाणी आले नाही तर आपण धरण फुटले म्हणत नाही. पाटाने वर चालत जातो आणि कुठवर पाणी आहे ते बघतो. येथेही तेच करायचे.

कुठवर पाणी आहे, हे संगणक स्वतःच सांगत असे. त्याच्या भाषेत आकडे होते.

६८० आला, म्हणजे डायलटोन मिळत नाही. मोडेम काढून त्याच तारेला साधा फोन लावावा. फोनही मुका असेल, तर लाईनच बंद. फोनला टोन आहे आणि मोडेमला ऐकू येत नाही, असेही होई. काही एक्स्चेंजचा टोन मोडेमच्या ओळखीचा नसे. त्यासाठी 'डायलटोनची वाट पाहा' ही खूण काढून टाकली की काम होई. जुन्या एक्स्चेंजवर टोनऐवजी पल्स पद्धतीने नंबर फिरवावा लागे.

६७६ म्हणजे पलीकडचा नंबर गुंतलेला. आपले काही चुकलेले नाही. थोडे थांबून पुन्हा लावावे.

६७८ म्हणजे पलीकडून उत्तर नाही. नंबर एकदा डोळ्यांनी वाचून तपासावा. हाताच्या सवयीने लावू नये.

६९१ म्हणजे नाव किंवा सांकेतिक शब्द चुकला. लाईन, मोडेम, एक्स्चेंज सगळे ठीक. आपण दारापर्यंत पोचलो, पण किल्ली चुकीची. बहुतेक वेळा मोठ्या अक्षरांची कळ दाबलेली राहिलेली असते, किंवा खात्याची मुदत संपलेली असते. हा आकडा दिसत असताना मोडेम खोलून बसणारा माणूस वीज असताना तारा ओढणाऱ्यासारखा.

या चारही बिघाडांत एक चांगली गोष्ट आहे. ते दिवसाउजेडी समोर येतात. अडचणीचा बिघाड तो, जो कधी असतो आणि कधी नसतो. नेट लागते, पण टिकत नाही. आमच्या वाट्याला तोच आला.

दुपारी चांगले, संध्याकाळी खराब

२००२ चा सप्टेंबर. आडसाली लागणीच्या नोंदींची घाई. दुपारी बारा-एकला जोडणी करून पाहिली, तर लागायची. संध्याकाळी सहानंतर यादी पाठवायला घेतली, की दोन-तीन मिनिटांत तुटायची. यादी अर्धी जायची, की मुळीच जायची नाही, तेही कळत नसे.

आम्ही काय केले, ते ऐका. पहिल्या आठवड्यात टेलिफोन खात्याला दोष दिला. दुसऱ्या आठवड्यात सेवा देणाऱ्याला दिला, "संध्याकाळी यांच्याकडे गर्दी होते" म्हणून. मग संगणक पुसून नव्याने सगळे भरले. मग मोडेम बदलला. एकदा तर दोन्ही गोष्टी एकाच दिवशी केल्या, त्यामुळे कशाने काय झाले, ते कळायला मार्गच उरला नाही. उसाची पाने पिवळी पडली की मुळाशी न बघता युरियाचे पोते ओतावे, तसला हा प्रकार. पिवळेपणा पाण्याने असेल, लोहाने असेल, हुमणीने असेल. युरियाने त्यातले काय बरे होणार?

एकोणीस दिवस असे गेले. विसाव्या दिवशी लाईनमन आला. वयस्क गृहस्थ होते. मोडेमकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही. बाहेरची तार जिथे भिंतीतून आत येते, तिथली पेटी उघडली, आतल्या खोल्यांकडे जाणाऱ्या तारा सोडवल्या, आणि आपला टेस्टचा फोन लावून कान दिला. मग आमच्या कानाला लावला. लाईन स्वच्छ होती. म्हणाले, "साहेब, एक्स्चेंजपासून तुमच्या भिंतीपर्यंत माझं पाणी निर्मळ आहे. घाण तुमच्या चारीत आहे. ती तुम्ही शोधा."

त्यांनी जाताना रीत सांगितली. एका वेळी एकच गोष्ट सोडवायची आणि ऐकायचे. आम्ही टेबलावरची तार जोडली : आवाज साफ. गोदामाकडे जाणारी तार जोडली : खरखर सुरू.

त्या तारेच्या मागे मागे आम्ही खत गोदामात गेलो. कधीकाळी गोदाम कारकुनाच्या सोयीसाठी तिथे एक समांतर फोन नेलेला होता. कारकून बदलला, फोन बंद पडला, तार मात्र राहिली. थप्पीच्या मागे तिचा जोड होता. हाताने पीळ मारलेला, वर चिकटपट्टी, तीही सुटलेली. उघडून पाहिले तर तांब्याची तार मोरचुदासारखी हिरवी झालेली. युरिया आणि पोटॅश हवेतला ओलावा ओढून घेतात, आणि पोटॅशमधला क्षार तांब्याला खातो. दुपारच्या उन्हात गोदाम तापले की जोड वाळायचा, आणि लाईन सुधारायची. संध्याकाळी हवा दमट झाली, की जोडातून गळती सुरू व्हायची. म्हणून दुपारी चांगले आणि संध्याकाळी खराब.

पकडीने ती फांदी तोडून टाकली. त्या संध्याकाळी जोडणी लागली ती टिकली, आणि यादी एका दमात गेली. खर्च काही नाही. नवा मोडेम मात्र उगाच घेतला गेला.

पण नुकसान व्हायचे ते झाले

त्या एकोणीस दिवसांत तेवीस सभासदांच्या नोंदी अडकल्या होत्या. यादी उशिरा पोचल्यामुळे मुख्य कार्यालयात त्यांच्या नावापुढे लागणीच्या तारखेऐवजी यादी मिळाल्याची तारीख चढली. तोडणीचा क्रम लागणीच्या तारखेवर लागतो, हे आपण जाणताच. सुदैवाने आमच्या स्लिपबॉयने कागदी रजिस्टर चालू ठेवले होते. त्यावरून आम्ही दुरुस्त्या पाठवल्या. बावीस नावे दुरुस्त झाली. एक नाव नजरचुकीने राहिले.

ते एका विधवा आजींचे होते. एक एकर ऊस, को-८६०३२. पुढच्या हंगामात त्यांची पाळी तीन आठवडे मागे गेली. तोवर उसाला तुरा येऊन बरेच दिवस झाले होते, दशी पडू लागली होती, वजनात मार बसला. काट्याची पावती घेऊन त्या कार्यालयात आल्या. भांडायला आल्या नव्हत्या, हिशेब विचारायला आल्या होत्या. आम्ही फोन, मोडेम, गोदामातील जोड, असे सारे समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "बाळ, तुमचा फोन लागत नव्हता, हे माझ्या उसाला काय म्हाईत?"

त्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. आजही नाही. तेव्हापासून "नेट बंद आहे" हे वाक्य आमच्या कानाला सहन होत नाही.

जोडणी तुटण्याची इतर कारणे

आमच्या गोदामातला जोड हे एक उदाहरण झाले. त्या काळी आणखी पुष्कळ कारणे सापडली.

समांतर फोन चालू असला आणि कोणी सहज उचलला, की जोडणी तुटे. 'कॉल वेटिंग'ची सोय घेतलेली असली, तर मधेच येणारी टिकटिक मोडेमला गोंधळात टाकी. ती सोय बंद करावी लागे. काही वेळ काम झाले नाही, तर संगणक स्वतःच फोन ठेवी, आणि आपण लाईनला नावे ठेवीत बसू. टेलिफोनची तार विजेच्या तारेला लगटून नेलेली असली, तर एकसुरी घुमल्यासारखा आवाज येई. दोन्हींत अंतर ठेवले की तो कमी होई. लाईन मुळातच लांब आणि कमजोर असेल, तर मोडेमचा वेग आपणहून कमी ठरवून द्यावा, हा उपाय फार गुणकारी ठरला. बैल दमवून अर्ध्या वाटेत बसवण्यापेक्षा सावकाश हाकलेला बरा.

वळवाच्या विजांनी तर किती मोडेम गेले, याची मोजदाद नाही. वीज कडाडू लागली की लोक संगणकाचा प्लग काढीत आणि टेलिफोनची तार तशीच ठेवीत. विजेचा दणका त्या तारेने आत येई. दोन्ही काढायला हवे, आणि तेही ढग लांब असतानाच. डोक्यावर कडाडत असताना तारेला हात लावू नये.

बाहेरच्या लाईनचे शत्रू मात्र आपणच. वरपर्यंत भरलेली उसाची ट्रॉली खांबावरून आलेली तार ओढून नेते. बांधावर पेटवलेले पाचट खालून जाणारी केबल भाजते. पाईपलाईनची चर खणताना केबल तुटते, आणि चर बुजवली की कोणी बोलत नाही. पाचट न जाळता सरीत कुजवा, हे आम्ही जमिनीसाठी सांगत आलो. आता केबलसाठीही सांगतो.

आज काय करावे?

आता आपल्या गट कार्यालयांत डायल-अप राहिलेला नाही. बहुतेक ठिकाणी केसासारख्या बारीक काचेच्या तंतूची केबल आली आहे. तिच्यातून आवाजाऐवजी प्रकाश जातो. प्रकाशाला मोरचूद चढत नाही, आणि वीजही त्या काचेतून येत नाही. (विजेच्या प्लगमधून मात्र येते, तेव्हा प्लग काढण्याची सवय सोडू नये.) यंत्र बदलले, तरी पाटाने वर चालत जाण्याची रीत बदललेली नाही.

डब्यावरचे दिवे बघावेत. एकही दिवा नसेल, तर वीज नाही. आधी प्लग, ॲडॉप्टर आणि बॅटरी तपासावी. 'एलओएस' नावाचा लाल दिवा लागला असेल, तर बाहेरून प्रकाश पोचत नाही. केबल कोठे तरी तुटली, दबली किंवा फार वाकली आहे. आपल्या खोलीतली केबल कोनात मोडून टेबलाखाली दाबलेली नाही ना, ते पाहावे. टोकाच्या जोडाला बोट लावू नये, आणि उघड्या टोकात डोळा घालून पाहू नये. 'पॉन' दिवा हिरवा व स्थिर असेल आणि तरी काम होत नसेल, तर बाहेरची लाईन ठीक आहे. दोष आपल्या संगणकात, वाय-फायमध्ये किंवा पुढच्या सर्व्हरमध्ये. तेव्हा डबा बंद करून, थोडा वेळ थांबून पुन्हा चालू करावा. मग संगणक सोडून दुसऱ्या यंत्रावर पाहावे. एका वेळी एकच गोष्ट.

आणि सर्वांत महत्त्वाचे : प्रत्येक वेळी वहीत लिहावे. किती वाजता तुटले, पाऊस होता का, कोणता दिवा होता, काय केल्यावर चालू झाले. आम्ही २००२ साली एकोणीस दिवसांच्या वेळा एका कागदावर लिहिल्या असत्या, तर "संध्याकाळी आणि दमट हवेत" हे चौथ्याच दिवशी डोळ्यांसमोर आले असते.

सभासदांना विनंती

या हंगामापासून प्रत्येक गट कार्यालयात कागदी नोंद रजिस्टर पुन्हा ठेवण्यास आम्ही सांगितले आहे. नेट असो वा नसो, आपली नोंद त्या दिवशी त्या तारखेने घेतली जाईल, आणि सही-शिक्क्याची पोहोच मिळेल. पोहोच घेतल्याशिवाय उठू नका. लागणीची तारीख त्यावर बरोबर आहे का, ते तिथेच वाचा. वाचता येत नसेल तर मुलाकडून, नातवाकडून वाचून घ्या. पंधरा दिवसांत मोबाईलवर संदेश आला नाही, किंवा आला पण त्यात तारीख चुकली असेल, तर पोहोच घेऊन आमच्याकडे सरळ या.

आणि कोणी म्हणालेच, की नेट बंद आहे, तर एवढेच विचारा : "दिवा कोणता लागलाय?" विचारणारा सभासद समोर उभा राहिला, की कर्मचारी आपोआप खाली वाकून डबा बघतो. आमचा तरी तसा अनुभव आहे.

नोंदीच्या दिवशी भेट होईलच.

आपला,
ऊस विकास अधिकारी